खो आणि दिशा

परवा रविवारी पहाटे भाचीला तलावावर सोडायची ड्यूटी माझ्यावर आली. वय वर्षं दहा, आठवड्यातले पाच दिवस साडेपाचला पाण्यात. गाडीत पाच मिनिटं गप्प बसली आणि एकदम म्हणाली, "मामा, मला नाही जायचं पोहायला. तू सांगशील आईला?"

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "वेडी आहेस का?" दोन वर्षांची मेहनत, फी, मागच्या महिन्यातलं पदक.. सगळा हिशेब मी तिला सिग्नलला उभ्या उभ्या ऐकवला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मग लक्षात आलं, मी तिच्याशी बोलतच नव्हतो. मी माझ्या बाबांशी भांडत होतो.

शाळेत मी खो-खो खेळायचो. बरा खेळायचो, जिल्ह्याच्या संघात होतो. नववीचा शेवटचा पेपर झाला आणि बाबांनी जाहीर केलं, "आता दहावी. खेळ बंद." विषय संपला. पुढे मार्क पडले, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. म्हणजे कागदोपत्री बाबा बरोबरच ठरले. पण २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही जिंकले, तेव्हा आनंदासोबत काहीतरी टोचलंच. मी त्या संघात असतो असं अजिबात नाही. अकरावीत बहुतेक मीच खेळ सोडला असता. पण 'मीच' सोडला असता ना!

तर मुद्दा असा. आपल्याकडे मुलाने खेळ कधी सुरू करायचा ते आईबाप ठरवतात आणि दहावी आली की कधी बंद करायचा तेही आईबापच. मधल्या काळात घाम फक्त मुलाचा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "दहा वर्षांच्या पोराला काय कळतं? अजितने सचिनला आचरेकर सरांकडे नेलं नसतं तर?" मान्य. कुणीतरी न्यावं लागतंच. पण २०१३ साली वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितलं की अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला मोकळीक दिली होती. दार भावाने दाखवलं, पण आत जायचं की नाही ते त्याच्यावर होतं.

याच्या उलट आंद्रे आगासी. वडिलांच्या चेंडूफेक्या यंत्रासमोर लहानपणी रोज अडीच हजार चेंडू मारायचे. पुढे एकेरीची आठ ग्रँड स्लॅम जिंकली, आणि २००९ च्या आत्मचरित्रात लिहिलं की आपल्याला टेनिसचा तिरस्कार होता. कपाट भरलं म्हणून निर्णय त्याचा होत नाही.

नॉर्वेत तर २००७ साली मुलांचे खेळातले हक्क लिहूनच काढले. कुठला खेळ, किती खेळ, सराव किती हे मुलाने ठरवायचं. हाच चिमुकला देश २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं घेऊन पहिला आला. त्या हक्कांमुळेच आला असं मी म्हणणार नाही. पण मुलांना विचारलं म्हणून देशाचा खेळ बुडत नाही, एवढं नक्की.

मग मुलाने कंटाळा आला की उठून जायचं का? नाही. याचं उत्तर मला माझ्याच खेळात सापडलं. खो-खोत खो मागून मिळतो, पण उजवीकडे पळायचं की डावीकडे ते उठणारा ठरवतो. एकदा दिशा घेतली की मात्र खांबापर्यंत मागे वळता येत नाही. खांब ओलांडला की पुन्हा मोकळा. आईबापांनी खो जरूर द्यावा, खांब कुठे आहे तेही ठरवावं. दिशा मात्र मुलाची.

परतताना भाचीला म्हटलं, "दिवाळीपर्यंतची फी भरली आहे, तोवर जायचं. मग तू ठरव. आईशी मी बोलतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

दोनच शब्द, पण म्हणताना जीभ अडखळली. बाबांना तेव्हा किती जड गेलं असतं, याचा थोडा अंदाज आला.