फुकटातला एसएमपीएस

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायचा म्हटलं की सगळा जीव ग्राफिक्स कार्डात. बरोबरच आहे म्हणा, सर्वात जास्त पैसे तिथेच जायला हवेत. पण मग लॅमिंग्टन रोड असो वा तापकीर गल्ली, यादीतून पहिली काट बसते ती एसएमपीएसवर. "कॅबिनेटसोबत येतोय की फुकट!"

मंडळी, घोळ होतो तो इथेच. डब्यावर ५०० वॉट छापलेलं असतं, ते सोडा. लेबल वाचा. कार्ड आणि प्रोसेसरची भूक भागते १२ व्होल्टच्या लाइनवर. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॉट. २०२१ चं आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॉट खातं. उरलेल्या ४६ वॉटमध्ये प्रोसेसरने काय उपास करायचा?

शिवाय भिकार एसएमपीएस जाताना कधीकधी मदरबोर्ड, कार्डही सोबत नेतो. चांगला घेतलात तर पुढच्या पीसीतही चालेल. काटायचेच असतील तर रंगीत दिवे आणि काचेचं कॅबिनेट काटा की! त्यांनी एक फ्रेमही वाढत नाही.

असो. पैसे तुमचे, मत माझं.