सूपशास्त्र आणि विज्ञानाची भाषा

टोमॅटोचे सूप घरी करणे हा विज्ञानपुस्तिकेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. माझे मत असे, की शाळेतील विज्ञानशिक्षणाचा आरंभ करावयास याहून सोयीचा विषय क्वचितच सापडेल. हे मत माझ्याच एका फजितीतून बनले आहे.

काही वर्षांपूर्वी दुधातील प्रथिनांविषयीच्या एका लेखाचे मी भाषांतर करीत होतो. ‘आम्लाच्या योगाने प्रथिनांचे स्कंदन होते’ हे वाक्य लिहून मला मोठे समाधान वाटले. त्याच संध्याकाळी सूप करण्याची हौस आली. उकळत्या सुपात मी दूध ओतले आणि पाहता पाहता त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या. मी चकित होऊन पाहत राहिलो. आई म्हणाली, “अरे, आंबटात दूध घातलंस, ते फाटणारच!” मी सकाळी लिहिलेले वाक्यच तिने मला सांगितले होते. फरक इतकाच, की तिचे वाक्य तिच्या उपयोगी पडत होते. माझे मला पडले नव्हते.

आता कृती पाहू. चार माणसांसाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो घ्यावेत. त्यांच्या तळाशी फुलीसारखी चीर देऊन ते अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात सोडावेत व लगेच थंड पाण्यात टाकावेत. साल सहज सुटते. पातेल्यात चमचाभर लोणी तापवून एक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. टोमॅटो चिरताच विलंब न लावता त्या तापल्या पातेल्यात घालावेत, दोन वाट्या उकळते पाणी ओतावे व पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावे. मग घोटून, गाळून मीठ, मिरपूड व चिमूटभर साखर घालावी.

यातील प्रत्येक सूचनेला कारण आहे. विलंब का नको? टोमॅटोच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन नावाचा द्रव्यप्रकार असतो. सुपाला दाटपणा येतो तो बराचसा त्यामुळे. टोमॅटो चिरताच पेशी फुटतात आणि त्यांतील विकरे या पेक्टिनचे तुकडे करू लागतात. तापमान त्वरेने 85 ते 90 अंश सेल्सिअसच्या पुढे नेले, तर विकरे निष्क्रिय होतात व दाटपणा टिकतो. कारखान्यांत दाट रस काढतात तोही याच तत्त्वाने. लोणी कशासाठी? टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. शिजल्याने ते पेशींतून सुटते आणि लोण्यासोबत शरीराला अधिक प्रमाणात घेता येते. उलट, क जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो. म्हणून सूप प्याल्याने कोशिंबिरीची गरज संपत नाही. बियांभोवतीचा गरही फेकू नये. जपानी रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्रशैवालातून ज्या ग्लुटामिक आम्लाची चव वेगळी काढून दाखविली, ते टोमॅटोतही असते आणि बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या गरात अधिक असते.

राहिली दुधाची गोष्ट. दुधाचा सामू 6.7 च्या आसपास असतो, टोमॅटोच्या रसाचा बहुधा 4 ते 4.6 च्या दरम्यान. सामू 4.6 च्या जवळ येऊ लागला, की दुधातील केसीनचे कण एकमेकांना चिकटू लागतात, आणि उष्णता या क्रियेला घाई करते. यास्तव दुधात चमचाभर पीठ शिजवून ते आधी दाट करावे, त्यात सूप थोडे थोडे घालावे व नंतर उकळी आणू नये.

ही हकीकत सांगण्यात माझा एक हेतू आहे. आम्ही भाषांतरकार इंग्रजी संज्ञा समोर आली की संस्कृत कोशाकडे धावतो, स्वयंपाकघराकडे जात नाही. वस्तुतः तेथे विरघळणे, आटणे, दाटणे, फाटणे, मुरणे, विरजणे असे नेमके शब्द शतकानुशतके राबत आहेत. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला, की तो ‘कळकतो’. आम्लाची धातूवर क्रिया होऊन अन्न दूषित झाले, एवढा सारा अर्थ या एका क्रियापदात आहे. आपल्या जुन्या भाषेत पाकक्रियेच्या विद्येला ‘सूपशास्त्र’ म्हणत. त्या शब्दातील ‘शास्त्र’ आम्ही विसरलो.

यावर आक्षेप येईल, की घरगुती शब्द सैल असतात. कापडही फाटते आणि दूधही फाटते. आक्षेप खरा आहे. शिवाय ‘पेक्टिन’ किंवा ‘सामू’ यांना स्वयंपाकघरात प्रतिशब्द नाही. आंबटात दूध फाटते हे आईला ठाऊक होते. किती आंबटात आणि का, हे सामूच सांगू शकतो. म्हणून संज्ञा टाकून द्याव्यात असे माझे म्हणणे नाही. त्या क्रियेनंतर याव्यात, आधी येऊ नयेत, एवढेच आहे. ज्या मुलाने दूध फाटताना पाहिले आहे, त्याला ‘स्कंदन’ हा शब्द ओझे वाटणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात एकदा दोन पातेली ठेवावीत. एकातील उकळत्या सुपात दूध तसेच ओतावे, दुसऱ्यात वर सांगितल्याप्रमाणे मिसळावे. विस्तवाजवळ शिक्षकांनी स्वतः उभे राहावे, आणि पळी मुलींच्या बरोबरीने मुलांच्याही हाती द्यावी. काय घडले ते प्रत्येकाने प्रथम आपल्या घरच्या बोलीत लिहावे. कोणी टोमॅटोला वऱ्हाडातल्याप्रमाणे ‘भेदरे’ म्हणेल. बडोदे, इंदूर किंवा तंजावर येथील मराठी घरांतून आणखी निराळे शब्द येतील. ते खोडू नयेत. त्यानंतरच फळ्यावर शास्त्रीय संज्ञा लिहावी. आणि ज्या घरगुती शब्दाने काम भागत असेल, तो आम्हां भाषांतरकारांना अवश्य कळवावा. पुढील पुस्तिकेत त्याला जागा देणे हे आमचे कर्तव्य आहे.