रस्त्याचा खरा हिशेब

मुंबई-आग्रा महामार्गावरचे सोनगीर हे धुळे तालुक्यातील गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात ओळखले जाते. आता त्याच गावाच्या नावाने महामार्गावर टोलनाका उभा आहे. धुळे ते पळासनेर हा सुमारे ८९ किलोमीटरचा रस्ता ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर चौपदरी झाला. नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीची आणि मालमोटारीची तेथे नोंद होते. रस्त्यापलीकडच्या शेतात निघालेली मजूर स्त्री, सायकलवरचा विद्यार्थी, बाजाराला चाललेला म्हातारा यांची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी तरतूदही नाही.

महामार्ग किंवा उड्डाणपूल मंजूर करताना लाभ-खर्चाचा ताळेबंद मांडला जातो. वाहनांचा वाचणारा वेळ आणि इंधन त्यात जमेला धरतात. पादचाऱ्याला पडणारा वळसा, रस्ता ओलांडण्याच्या धास्तीने सुटलेली मुलीची शाळा, कमावते माणूस गेल्याने कर्जात बुडालेले घर, यांना त्या ताळेबंदात पुरते स्थान मिळत नाही. अर्थशास्त्र यालाच सामाजिक खर्च म्हणते. लाभ वाहनधारकाचा आणि खर्च पायी चालणाऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. तिच्या परिणामांना केवळ ‘अपघात’ म्हणणे म्हणजे धोरणाचा दोष दैवावर ढकलणे होय.

आकडे हेच सांगतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. मृतांमध्ये ३२,८२५ पादचारी होते, तर दुचाकीवरच्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. म्हणजे बळींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश या दोनच वर्गांतले. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यूंत छत्तीस टक्के.

म्हणून मालमोटारीच्या चालकाला शत्रू ठरवावे काय? ४ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर पळासनेरजवळ एक अवजड कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण ठार झाले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. वाहन सुस्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आणि ते तपासणे ही शासनाची. मोटार परिवहन कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९६१ सालीच झाला; तो किती चालकांच्या वाट्याला येतो, हे प्रत्येक ढाब्यावर विचारून पाहावे. चालकही श्रमिकच आहे, आणि त्याची विश्रांती हा पादचाऱ्याच्या सुरक्षेचाच भाग आहे.

महामार्ग शहरात शिरतो तेव्हा प्रश्न अधिक बिकट होतो. सुरत-नागपूर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जळगाव शहर वाढले. घर एकीकडे, शाळा-कचेरी दुसरीकडे, आणि मधून अवजड वाहतूक. स्थानिक रहदारीसाठी समांतर रस्ते द्या, एवढी साधी मागणी घेऊन तेथील नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. जी गोष्ट आराखड्यातच असायला हवी, ती माणसे मेल्यानंतर रस्त्यावर उतरून मागावी लागते, हे नियोजनाचे अपयश आहे.

शहरांतर्गत रस्त्यांचीही तीच कथा. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीपेक्षा ६० च्या मोटारीच्या धडकेत चौपट ऊर्जा असते. माणसे आणि वाहने जेथे एकत्र वावरतात तेथे वेगमर्यादा तीसच असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने सांगितले. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने शहरातील मोटारींसाठी कमाल ७० ची मुभा ठेवली होती! १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. मात्र या निकालाच्या आडून फेरीवाल्यांवर हातोडा पडता कामा नये. २०१४ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आणि नगर पथविक्रेता समितीत स्थान दिले आहे. दिवसभर फुकट उभी राहणारी मोटार एका हातगाडीपेक्षा कितीतरी अधिक सार्वजनिक जागा अडवते. अतिक्रमणाचा पंचनामा करायचाच असेल, तर तो तेथून सुरू व्हावा.

लोकांना शिस्त नाही, हा नेहमीचा आक्षेप. शिस्त हवीच, परंतु पदपथ नसलेल्या रस्त्यावर पदपथावरून चालण्याची शिस्त पाळायची कशी? पैसा नाही, हा दुसरा आक्षेप. पण गतिरोधक, पांढरे पट्टे, दिवे आणि सलग पदपथ यांचा खर्च उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ असतो. उणीव पैशाची नसून अग्रक्रमाची आहे.

कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळा, बसथांबा, बाजार यांजवळ तासाला किती माणसे रस्ता ओलांडतात, याची मोजणी त्यांनी स्वतः करावी. ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद मागावी. रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल कंत्राटदार व सल्लागाराला जबाबदार धरणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे. त्याचा आधार घ्यावा. टोलनाक्याच्या वहीत नसलेल्या माणसांची वही लोकांनीच उघडली पाहिजे. रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. त्यावरून सुखरूप घरी परतण्याचा हक्कही सर्वांचा आहे.