विश्लेषण : घरच्या प्रयोगशाळेसाठी जुना ऑसिलोस्कोप घ्यावा का? स्वस्तात मस्त की डोक्याला ताप?

सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना केंद्राने मंजूर केली होती. चिप, ड्रोन, विजेवरची वाहने यांची चर्चा घराघरांत पोहोचली आहे. मात्र यात हात घालू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण अगदी साधी असते. सर्किट जोडले, पण आत काय चालले आहे ते पाहायचे कशाने? मोजमापाची चांगली उपकरणे महाग असतात. त्यामुळे अनेक जण जुन्या बाजाराकडे वळतात. हा सौदा केव्हा फायद्याचा ठरतो आणि केव्हा जिवावर बेतू शकतो, याचा आढावा.

घरच्या प्रयोगशाळेला नेमके काय लागते?

यादी छोटी आहे. मल्टिमीटर, व्होल्टेज आणि करंट दोन्हींवर मर्यादा घालता येईल असा डीसी पॉवर सप्लाय, ऑसिलोस्कोप आणि तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन. सिग्नल जनरेटर नंतर घेतला तरी चालतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर रेडिओवर काम करणाऱ्यांनाच लागतो.

यात सर्वाधिक पैसे ऑसिलोस्कोपवर जातात आणि सर्वाधिक फसगतही तिथेच होते. मल्टिमीटर फक्त आकडा दाखवतो. ऑसिलोस्कोप व्होल्टेज क्षणाक्षणाला कसे बदलते, याचे चित्र दाखवतो. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत एका ऑसिलोस्कोपभोवती पाच-सहा जण उभे असतात आणि नॉब एकाच्याच हातात असतो. ज्याला हे यंत्र खरोखर शिकायचे आहे, त्याला ते घरी असावेसे वाटते ते यामुळेच.

जुनी उपकरणे बाजारात येतात कुठून?

मुख्य मार्ग तीन. पहिला, कंपन्या आणि संशोधन संस्था नवी उपकरणे घेतात तेव्हा जुनी बाहेर पडतात. दुसरा, महाविद्यालये डेडस्टॉकमधील साहित्य निर्लेखित करतात. तिसरा, सरकारी उपक्रमांचे लिलाव. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात अशा मालाचे गठ्ठे निघतात. तिथे माल ‘आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत’ विकला जातो. चालू आहे की बंद, याची हमी कोणी देत नाही. त्यामुळे तो व्यापाऱ्यांचा बाजार आहे, एक यंत्र हवे असलेल्या विद्यार्थ्याचा नव्हे.

व्यापाऱ्यांकडून हा माल मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील बुधवार पेठ, बंगळूरुचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत आणि ऑनलाइन जाहिरातींत येतो. टेक्ट्रॉनिक्स, एचपी, फ्ल्यूक या परदेशी नावांसोबत ठाण्याची ॲप्लॅब, नाशिकची मोटवाने, इंदूरची सायंटिफिक या देशी कंपन्यांची उपकरणेही दिसतात. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मालात देशी नावे जास्त असतात.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रयोगशाळेतील उपकरणांचाही समावेश आहे. मोठ्या वापरकर्त्या संस्थांना टाकाऊ उपकरणे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यावी लागतात. चालू स्थितीतील जुने यंत्र विकणे हा वेगळा व्यवहार आहे. पण ‘कंपनीच्या भंगारातून काढले’ असे सांगत विकले जाणारे यंत्र बिलाशिवाय घेणे टाळलेले बरे. बिल असले तर माल चोरीचा नाही एवढी तरी खात्री राहते.

नवे स्वस्त झाले, मग जुने का घ्यावे?

हा प्रश्न दहा-बारा वर्षांपूर्वी फारसा नव्हता. चिनी कंपनी रिगोलने डीएस१०५४झेड हा चार चॅनेलचा डिजिटल ऑसिलोस्कोप सुमारे ४०० डॉलरला बाजारात आणला आणि हिशेब बदलला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील टेक्ट्रॉनिक्स टीडीएस २२० आजही जुन्या बाजारात दिसतो. त्याची बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ, रिगोलची ५०. कागदावर जुना सरस वाटतो. पण टीडीएस २२० च्या मेमरीत एका चॅनेलसाठी केवळ २,५०० बिंदू मावतात, रिगोलच्या मेमरीत एक कोटीहून अधिक.

याचा अर्थ काय? पडद्यावर १०० मिलिसेकंदांचा काळ पाहायचा असेल, तर २,५०० बिंदूंत दोन बिंदूंमधले अंतर ४० मायक्रोसेकंद होते. त्याहून कमी वेळात घडलेली गडबड निसटू शकते. सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यातील संवाद तपासणाऱ्याला नेमकी तीच गडबड शोधायची असते.

दुसरीकडे, निव्वळ २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरटी ऑसिलोस्कोपही आज तोकडा पडतो. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ म्हणजे त्या वारंवारितेला सिग्नलची उंची मुळाच्या ७० टक्क्यांवर येते. अर्डुइनो उनोवरील घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे आहे. त्याचा चौकोनी आकार नीट पाहायचा तर साधारण पाचपट, म्हणजे ८० मेगाहर्ट्झच्या आसपास बँडविड्थ हवी. २० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर तो चौकोन गोलसर लाटेसारखा दिसेल आणि नवखा माणूस दोष सर्किटमध्ये शोधत बसेल. ऑडिओ ॲम्प्लिफायर, एलईडी ड्रायव्हर किंवा साध्या पॉवर सप्लायच्या दुरुस्तीला मात्र हेच यंत्र उत्तम चालते.

काही उपकरणे जुनी घेण्यात अर्थच उरलेला नाही. जुना लॉजिक ॲनालायझर टेबल अडवतो, तर यूएसबीवर चालणारा आठ चॅनेलचा छोटा ॲनालायझर मोफत सॉफ्टवेअरसह तेच प्राथमिक काम करतो. रेडिओच्या शिकाऊ कामासाठी नॅनोव्हीएनए आणि टायनीएसए ही तळहाताएवढी उपकरणे आली आहेत. उलट लिनियर पॉवर सप्लाय आणि बेंचवर ठेवायचा नामांकित मल्टिमीटर हे जुनेच घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. त्यांची रचना सोपी, दुरुस्ती शक्य आणि आयुष्य मोठे असते.

दुकानात उभे राहून काय तपासावे?

‘चालू आहे’ म्हणजे दिवा लागतो, एवढाच अर्थ अनेक विक्रेते घेतात. यंत्र किमान अर्धा तास चालू ठेवायला सांगावे. तापल्यावर येणारे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत.

ऑसिलोस्कोप : पुढच्या पॅनेलवर प्रोब तपासण्यासाठी बहुधा १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचे टोक असते. प्रोब तिथे लावून प्रत्येक चॅनेल आणि व्होल्टेजची प्रत्येक पायरी फिरवून पाहावी. एखाद्या पायरीवर लहर गायब झाली किंवा उंची चुकली, तर आतील स्विच, रिले किंवा इनपुटचा भाग खराब आहे. सीआरटी असेल तर रेषा बारीक आणि स्पष्ट दिसते का, काचेवर जळका डाग आहे का, हे पाहावे. प्रोब सोबत मिळत नसेल तर नव्याची किंमत सौद्यात धरावी.

पॉवर सप्लाय : नुसते व्होल्टेज दाखवले म्हणून समाधान मानू नये. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब सोबत न्यावा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. पाच अँपिअरचा सप्लाय या भाराखाली १२ व्होल्ट टिकवतो का, करंटची मर्यादा फिरवल्यावर बल्ब मंद होतो का, हे दोन मिनिटांत कळते. बल्ब लवकर तापतो, तेव्हा तो हातात धरू नये.

मल्टिमीटर : करंट मोजण्याच्या दोन्ही खाचा तपासाव्यात. अनेक जुन्या मीटरचा तिथला फ्यूज उडालेला असतो किंवा त्या जागी साधी तार लावलेली असते. मागचे झाकण उघडून पाहू द्या, असे विक्रेत्याला सांगण्यात संकोच नको.

स्पेक्ट्रम ॲनालायझर : आधीच्या मालकाने जास्त शक्तीचा सिग्नल देऊन इनपुट जाळला असण्याची शक्यता मोठी. ओळखीच्या पातळीचा सिग्नल देऊन वाचन जुळते का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बाहेरून न दिसणारा बिघाड कोणता?

वय. ऐंशी-नव्वदच्या दशकातील अनेक यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत साठवलेले असतात. ही बॅटरी काही यंत्रांत चिपच्या आतच बंद असते. ती संपली की आकडे पुसले जातात, यंत्र सुरू होताना चूक दाखवते आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीएवढा होऊ शकतो. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ५०० आणि ७०० मालिकांतील काही यंत्रांमध्ये बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतात आणि त्यांतील द्रव तांब्याच्या रेषा खातो. युरोपीय बनावटीच्या जुन्या यंत्रांत विजेच्या प्रवेशद्वाराशी असलेले कागदी कॅपॅसिटर वर्षानुवर्षांनी तडकतात. मग एखाद्या दिवशी यंत्र लावताच फट आवाज, धूर आणि उग्र वास.

म्हणून विशिष्ट मॉडेलचा सर्किट आराखड्यासह सर्व्हिस मॅन्युअल मिळतो का, हे खरेदीआधी पाहावे. जुन्या टेक्ट्रॉनिक्स आणि एचपी यंत्रांची हीच मोठी जमेची बाजू. एचपीचा मोजमाप विभाग १९९९ मध्ये ॲजिलेंट आणि २०१४ मध्ये कीसाइट झाला, तरी अनेक जुने मॅन्युअल आजही उपलब्ध आहेत. मॅन्युअल नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले, तरी बिघडल्यावर ते भंगारच.

जिवाशी खेळ कुठे होतो?

हा मुद्दा किमतीपेक्षा महत्त्वाचा. विजेवर चालणाऱ्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपमध्ये प्रोबची काळी क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती क्लिप २३० व्होल्टच्या फेजला लावली की थेट शॉर्टसर्किट. प्रोब जळतो, यंत्र जाते, हातालाही इजा होऊ शकते.

यावर ‘थ्री पिनची अर्थिंगची पिन काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो जीवघेणा आहे. मग शॉर्टसर्किट होत नाही, पण यंत्राच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येऊ शकतात. योग्य मार्ग दोनच : डिफरेन्शियल प्रोब वापरावा किंवा तपासायचे सर्किट आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरवर चालवावे. दुसऱ्या मार्गातही ती वीज आपोआप निरुपद्रवी होत नाही, हे विसरू नये. जुने यंत्र घरी आणल्यावर त्याची अर्थिंगची पिन आणि धातूची पेटी यांच्यात जोडणी शाबूत आहे का, हे मल्टिमीटरने आधी पाहावे. पूर्वीच्या मालकाने वायर कापून ठेवलेली असू शकते. घरातील सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

अमेरिकेतून आलेल्या यंत्राच्या मागे व्होल्टेज निवडण्याचा स्विच असतो. तो ११५ वर असताना २३० व्होल्टला जोडणे म्हणजे खरेदी त्याच क्षणी जाळणे. आतील दुरुस्तीबाबतही सावध राहावे. प्लग काढल्यानंतरही सीआरटी आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते.

कॅलिब्रेशन हवेच का?

‘कॅलिब्रेटेड’ असा स्टिकर असला तरी तारीख वाचावी. पाच-सात वर्षांपूर्वीचा स्टिकर हा केवळ इतिहास आहे. व्यवसायासाठी, अहवालासाठी किंवा ग्राहकाला द्यायच्या मोजमापासाठी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घेणे योग्य. शिकण्यासाठी तेवढ्या खर्चाची गरज नाही. एक चांगला नवा मल्टिमीटर घ्यावा आणि बाकीची जुनी यंत्रे त्याच्याशी ताडून पाहावीत. दोन यंत्रे एकच आकडा दाखवत असतील तर बहुतेक कामे निभावतात.

परदेशातून मागवावे का?

ऑनलाइन लिलावात दिसणारी किंमत फसवी असते. ऑसिलोस्कोप जड असतो, त्यामुळे वाहतूक महाग. वर सीमाशुल्क आणि आयजीएसटी. जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या आयातीवर वेगळे नियमही लागू होऊ शकतात. काच फुटली किंवा यंत्र बंद निघाले, तर परत पाठवण्याचा खर्च यंत्राहून जास्त. एखादे दुर्मीळ यंत्र सोडले तर विद्यार्थ्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

मग निर्णय कसा घ्यावा?

एकच ऑसिलोस्कोप घेणे शक्य असेल आणि काम मायक्रोकंट्रोलरवर असेल, तर नवा, वॉरंटीचा, प्राथमिक डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यावा. वाचलेल्या पैशांत पॉवर सप्लाय जुना घ्यावा. बजेट अगदीच कमी असेल आणि काम ऑडिओ किंवा दुरुस्तीचे असेल, तर तपासून घेतलेला जुना सीआरटी ऑसिलोस्कोप पुरेसा आहे. जुन्या डिजिटल यंत्राला नव्या प्राथमिक यंत्राच्या निम्म्याहून अधिक किंमत देण्यात सहसा अर्थ नसतो. २३० व्होल्टवर वापरायचा मल्टिमीटर मात्र नवा, योग्य कॅट श्रेणीचा आणि मूळ फ्यूज असलेलाच हवा. बाकी यंत्रांत चुकले तर पैसे जातात, इथे चुकले तर हात भाजतो.