तुमच्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलणार?

समजा, नगर-पुणे रोडवर तुमच्या बाइकला अपघात झाला. तुम्ही आयसीयूत, बेशुद्ध. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘पेशंटचं कोण आहे?’ आई-बाबा पारनेरहून निघालेत, मोठे काका आधीच पोहोचलेत, रूममेट कोपऱ्यात उभा आहे. आपल्याकडे अशा वेळी सही करतं घरातलं सगळ्यात मोठं माणूस, नाहीतर ज्याचा आवाज मोठा ते. तुम्हाला काय हवं होतं, हे कदाचित त्या रूममेटलाच ठाऊक असतं.

अरुणा शानबाग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. पुढे पत्रकार पिंकी विराणी त्यांच्या वतीने सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांना अन्न भरवून जगवणं थांबवा, अशी मागणी होती. ७ मार्च २०११ ला कोर्टाने सांगितलं, अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. दोन्हीकडे मायाच होती, असं मला वाटतं. पण खुद्द अरुणांचं म्हणणं कुठे लिहिलेलंच नव्हतं. हल्ला झाला तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. त्या वयात कोण लिहून ठेवतं?

आता लिहिता येतं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कुणी फिरकेना. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. (गॅप सर्टिफिकेटसाठी कोर्टाबाहेर नोटरी शोधलाय ना, तोच!) वय १८ पूर्ण हवं. निर्णय घेणारी एक किंवा जास्त माणसं नेमायची, एक प्रत महापालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.

मात्र बरं होण्याची आशाच उरली नसेल, तेव्हाच हा कागद चालतो. पाय मोडला म्हणून नाही. मानसिक आजारासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. तिथे साध्या कागदावर सही करूनही प्रतिनिधी नेमता येतो, त्या व्यक्तीची लेखी संमती तेवढी हवी.

खरी अडचण माणूस निवडण्याची. आईचं नाव लगेच सुचतं, पण ‘आता मशीन काढा’ हे तिला म्हणवेल का? तिच्यावर हे टाकावं का? धाकटी बहीण, आत्या, घरात सगळ्यांना गप्प करू शकणारा मामा यांचाही विचार करा. आणि नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. घरी ‘काहीतरी अभद्र बोलू नको’ ऐकून घ्यावं लागेल, घ्या.

उद्या त्या माणसाशी बिनसलं तर? लेखी देऊन कागद कधीही रद्द करता येतो. जुनी प्रत ज्यांना दिली होती, त्यांना तेवढं कळवा.