मानसशास्त्र घेतलंय, पुढे काय?

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला घरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं?" पालकांनो, उत्तर आपल्याच गल्लीत सापडेल. गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण घरी येतो. जखम भरते, हातपाय चालतात, पण माणूस पहिला राहत नाही. क्षणात सिट्टू चढतो, नाहीतर सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाला. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की काम सुरू करण्याची शक्तीच कमी होते, हे त्यांना कोण सांगणार? अशा रुग्णाची स्मरणशक्ती, लक्ष, राग तपासायचा, आंघोळीसारख्या कामाचे छोटे टप्पे पाडून भिंतीवर लावायचे, रोज सराव करून घ्यायचा, घरच्यांनाही शिकवायचे. याला न्यूरोबिहेविअरल थेरपी म्हणतात. औषधे देण्याचे काम डॉक्टरांचे.

मात्र नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. एम.ए.नंतर रुग्णालयात दोन वर्षांचे एम.फिल. हा जुना रस्ता. यूजीसीने २०२२च्या नियमांत एम.फिल. बंद केले, या शाखेला काही वर्षे मुदत मिळाली, आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले. म्हणून पैसे भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव पाहाच. दोन महिन्यांत 'न्यूरो थेरपिस्ट' करणारी सर्टिफिकिटे भिंतीवर शोभतात, एवढेच. शिकायला बेंगळूरचे निम्हान्स आहे. प्रवेश अवघड, पण प्रयत्न करावा. जवळ धारवाडचे डिमहान्सही आहे.

आपल्या मुलांकडे एक भांडवल आधीच आहे, दोन भाषा. पक्षाघातानंतर दोन्ही भाषा सारख्याच परततील असे नाही. कुणाची घरची मराठी आधी येते, कुणाची बाजारातली कन्नड. निम्हान्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायची एक चाचणी आहे. आपल्याकडची आजी 'मांजर, गाय' म्हणता म्हणता 'आने, कुदुरे'वर जाते. तपासणाऱ्याला एकच भाषा येत असेल, तर तिची निम्मी नावे कागदावर उतरतच नाहीत.