जकात घ्या, पण आधी सांगा

माझा मामेभाऊ मिरजेत तंबोरे बनवतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं आणि पुढे त्या कामानेच गावाचं नाव देशभर केलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा कागद दुकानात लागला, तरी काम तेच आहे: भोपळा, लाकूड, पटाशी आणि माणसाचा हात.

मागच्या वर्षी त्याने नक्षीकामासाठी जर्मनीहून बारीक पटाशांचा एक संच मागवला. किंमत आपल्या पैशांत दहा हजार, पाठवणावळ आणि विमा दीड हजार. साडेअकरा हजार कार्डावरून गेले आणि त्याच्या मते व्यवहार संपला. दहा दिवसांनी कुरिअरवाल्यांनी आधी आधार कार्ड मागितलं, मग एक लिंक पाठवली: ४,७४३ रुपये भरा, त्याशिवाय पार्सल मिळणार नाही. त्याने मला फोन केला. चिडला नव्हता, गोंधळला होता. म्हणाला, "देनेकू ना नै भैया, पर पैले बोलना था ना!"

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्याच्या या एका वाक्यात आहे.

आधी तो हिशेब उलगडून पाहू. सीमाशुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांची बेरीज हे त्या मालाचं मूल्य धरलं जातं. म्हणजे पाठवणावळीवरही कर. भावाच्या कागदावर साडेअकरा हजारांवर १० टक्के मूळ सीमाशुल्क होतं, ११५० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ११५ रुपये. हे सगळं मिळवून झालेल्या १२,७६५ रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे २२९८ रुपये. एकूण ३५६३. दर वाचताना दहा आणि अठरा म्हणजे अठ्ठावीस वाटतात. प्रत्यक्षात करावर कर चढत जातो आणि आकडा जवळजवळ एकतीस टक्क्यांवर थांबतो.

इथवरचे पैसे सरकारचे. उरलेले ११८० कुरिअर कंपनीचे. कंपनीने कर स्वतःच्या खिशातून आधी भरला म्हणून तिची फी एक हजार आणि त्या फीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. भावाने विचारलं, "मी कुठे सांगितलं होतं माझ्या वतीने भरा म्हणून?" उत्तर आलं, आमच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. या अटी पाठवणाऱ्याने मान्य केल्या होत्या. पैसे मात्र घेणाऱ्याने द्यायचे होते.

सीमाशुल्क असूच नये असं मी म्हणत नाही. स्वस्त परदेशी मालाने इथला कारागीर बुडू नये म्हणून राज्य कर लावतं, हे आपल्याला नवीन नाही. शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येत होतं, त्यामुळे कुडाळ भागातल्या मिठाचा व्यापार बसेल म्हणून त्यांनी बाहेरच्या मिठावर जबर जकात लावायला सांगितलं. त्यामागे विचार होता आणि माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला नाक्यावर काय द्यावं लागेल हे ठाऊक असणार होतं. भावाची तक्रार दराबद्दल नाहीच. किंमत सांगून झाल्यावर, पैसे घेऊन झाल्यावर, माल दारात आल्यावर नवी किंमत सांगितली जाते, ही ती तक्रार आहे.

मराठीत या कराला आपण पिढ्यान्‌पिढ्या 'जकात' म्हणत आलो. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके तर जीएसटी आल्यावर, म्हणजे १ जुलै २०१७ ला बंद झाले. शब्द अरबी आहे, आणि मुसलमान घरात तो रमजानमध्ये दरवर्षी उच्चारला जातो. राज्यकारभाराच्या भाषेतून मराठीत येताना दानाची जकात नाक्यावरची जकात झाली. येताना तिच्या दोन अटी मात्र वाटेत गळल्या. धर्मातल्या जकातीचा दर आधीपासून माहीत असतो, अडीच टक्के. आणि तिला एक किमान मर्यादा असते, निसाब. त्याखाली ज्याची मिळकत आहे त्याच्याकडे कुणी मागायचं नाही. देणारा घरी बसून हिशेब करू शकतो. त्याला रमजान संपल्यावर कुणी वेगळी लिंक पाठवत नाही.

कुणी म्हणेल, दानाचे नियम व्यापाराला कशाला लावता? तर व्यापाराचंच उदाहरण घेऊ. काझी अबू युसूफ यांनी आठव्या शतकात खलिफा हारून अल रशीदसाठी 'किताबुल खराज' हा करांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात हजरत उमर यांच्या काळातल्या व्यापारी कराची माहिती आहे. परक्या मुलखातले लोक आपल्या व्यापाऱ्यांकडून दहावा हिस्सा घेतात, असं कळल्यावर त्यांनी तेवढाच हिस्सा तिकडच्या व्यापाऱ्यांकडून घ्यायला सांगितलं. राज्यातल्या बिगरमुस्लिम व्यापाऱ्यांना पाच टक्के, मुस्लिमांना अडीच. आजच्या नजरेने हे धर्मानुसार वेगळे दर मान्य होणारे नाहीत, आणि मीही ते मागत नाही. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या गोष्टीकडे: दोनशे दिरहमपेक्षा कमी माल असेल तर काहीच घ्यायचं नाही. त्याच ग्रंथात एका ख्रिस्ती व्यापाऱ्याची हकिकत आहे. घोडा घेऊन जाताना त्याच्याकडून कर घेतला, परतताना पुन्हा मागितला. तो थेट उमर यांच्याकडे गेला. निर्णय त्याच्या बाजूने लागला: एकदा घेतलं की वर्षभर पुन्हा घ्यायचं नाही. दर ठरलेला, मर्यादा ठरलेली आणि दाद मागायला जागा. तेराशे वर्षांपूर्वी नाक्यावर हे चालत असेल तर संगणकावर चालायला हरकत काय?

इस्लामी व्यवहारशास्त्रात 'गरर' नावाची कल्पना आहे. सौद्यातली मूळ गोष्टच धूसर असेल, तर तो सौदा निषिद्ध. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. विकत घेणाऱ्याला वस्तूची अंतिम किंमत माहीत नसणं, हा त्याच जातीचा प्रकार आहे. त्यासाठी मुसलमान असण्याची गरज नाही. मिरजेच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वांगी पिशवीत टाकल्यावर भाव वाढवणाऱ्याला ती काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

हा धूसरपणा फक्त विकत घेणाऱ्यालाच लागतो असंही नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल करमुक्त होतं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्याच आठवड्यात भारतीय मालावरचा तिथला कर ५० टक्क्यांवर गेला. पैसे कुणी आणि कसे गोळा करायचे हेच स्पष्ट नसल्याने आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू झाली. लेकीसुनांना फराळ पाठवणाऱ्या किती घरांनी तेव्हा डबे भरून ठेवले होते! माझ्या भावाचा एक तंबोरा त्या काळात कुरिअरने न्यू जर्सीला गेला. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी तो उन्हाळ्यात ठरवला होता, किंमतही तेव्हाच ठरली होती. दारात तिला जवळजवळ अर्धी किंमत पुन्हा मागितली गेली. तिने भावाला लिहिलं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? जो प्रश्न याने जर्मन दुकानदाराला विचारला होता, तोच आता त्याच्याकडे आला. शेवटी दोघांनी निम्मे निम्मे भरले. त्याची दोन महिन्यांची मजुरी त्यात गेली.

आपल्याकडे भेटवस्तूंचंही असंच झालं. परदेशी संकेतस्थळं विक्रीचा माल 'भेट' म्हणून पाठवत होती, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये टपालाने आणि कुरिअरने येणाऱ्या भेटींची शुल्कमाफी बंद झाली. फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी सुटली. राखी सुटली याचा आनंदच आहे. पण दोहाहून भावाच्या लेकरांना ईदचे कपडे पाठवणाऱ्या बहिणीला हे कुणी सांगितलं? ती प्रेमाने पार्सल करते आणि भाऊ दारात पैसे मोजतो. पुढच्या वेळी तोच म्हणतो, आपा, काही पाठवू नकोस.

यातून आणखी एक वाईट सवय लागते, ती लिंकवर पैसे भरण्याची. "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय" असं सांगून लुटणाऱ्या टोळ्या आज गावोगावी फोन करतात. त्यांचं फावतं, कारण खरी कंपनीही अगदी तशीच अचानक, तसाच अनोळखी आकडा पाठवते. खरं आणि खोटं एकाच आवाजात बोलायला लागलं तर सामान्य माणसाने ओळखायचं कसं? कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रव्यवहारावर २०१९ पासून तपासता येणारा दस्तऐवज क्रमांक असतो. एवढं तरी घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

उपाय अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हजार डॉलरपर्यंतच्या परदेशी मालाचा जीएसटी मोठ्या विक्रेत्यांनीच विक्रीच्या वेळी घ्यायचा नियम केला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून १५० युरोपर्यंतच्या मालासाठी तशी सोय केली. तिथेही कर माफ झालेला नाही, उलट छोट्या पार्सलांची सूट गेली. पण गिऱ्हाईक पैसे भरतानाच पूर्ण आकडा पाहू शकतं. नको असेल तर तिथेच थांबू शकतं.

आपल्याकडे तीन गोष्टी व्हाव्यात. भारतात माल पाठवणाऱ्या संकेतस्थळाने शुल्कासह अंदाजे पूर्ण किंमत दाखवावी. कुरिअर कंपनीने आपली फी, कर भरण्याआधी, घेणाऱ्याला कळवून त्याची संमती घ्यावी आणि स्वतः कर भरायचा पर्याय द्यावा. आणि सरकारने एक छोटी, सरळ मर्यादा ठरवावी, ज्याखालच्या खासगी पार्सलाला कुणी हात लावणार नाही. निसाब म्हणा किंवा दुसरं काहीही म्हणा. तोवर आपण मागवताना विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: या किमतीत भारतातलं शुल्क धरलं आहे का? उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' समजावं.

भावाने ते ४,७४३ रुपये भरले. पटाशा चांगल्या आहेत, त्यांनी कोरलेली वेल मी परवा पाहिली. आता कुणी परदेशातून तंबोऱ्याची चौकशी केली, की तो किमतीच्या खाली स्वतःच एक ओळ लिहितो: तुमच्या देशातला कर वेगळा लागेल, आधी चौकशी करा. त्या ओळीमुळे दोन गिऱ्हाइकं गेली असं तो सांगतो. तरीही त्याने ती काढलेली नाही.